हुकमाबाहेरचा निरोप

माझ्या नोकरीत मी चोर धरले, दोन खुनी धरले, एकदा बाजारात उधळलेला रेडाही धरला. तरी अल्लीपूरकडची म्हातारी माणसं मला अजून ओळखतात ती भलत्याच दिवसावरून. त्या दिवशी मी काहीच केलं नव्हतं. निदान कागदावर तरी नाही.

साल सत्तावन्न. दिवाळी होऊन तीन आठवडे झाले होते. वर्षापूर्वी आमचा जिल्हा मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेला होता, पण ठाण्यात काही बदललं नव्हतं. ठाणेदार ओमप्रकाशजी तेच, त्यांची हिंदी तीच आणि माझ्यावरचा त्यांचा संशयही तोच. सकाळीच त्यांनी मला बोलावलं आणि दिवाणी कोर्टाचा एक कागद समोर सरकवला.

"श्रावण, वहाँ तेरा काम क्या है, मालूम है?"

"हो साहब. बाईले वावराचा ताबा मिळवून देणं."

"ग़लत. ताबा बेलीफ देगा. तू खड़ा रहेगा. मारपीट हुई तो पकड़ना. नहीं हुई तो आँख खुली, मुँह बंद. कौन सच्चा, कौन झूठा, ये देखना तेरे बाप का काम नहीं."

बापाचं नाव निघालं की माझं डोकं फिरतं. पण गप्प बसलो, कारण साहेबांचं खरं होतं. दोन वर्षांपूर्वी पवनारकडच्या एका खेड्यात अशाच वाटणीला मला उभं केलं होतं. तिथं एक म्हातारा रडत होता आणि त्याचा पुतण्या मिशीला पीळ देत होता. मला वाटलं, झालं, यात काय बघायचं? विहिरीवरची मोट मी स्वतःच्या हातानं सोडवली आणि म्हाताऱ्याच्या बंडीत, म्हणजे बैलगाडीत, टाकली. मागाहून कळलं, कोर्टानं मोट पुतण्याला दिली होती. म्हाताऱ्याला उठता-बसता रडायची सवयच होती. ती चूक निस्तरेपर्यंत अठरा दिवस गेले, आणि तेवढ्यात पुतण्याची वांग्याची वाडी वाळून गेली. त्या मिशीवाल्याला मी वाफ्यात बसून रडताना पाहिलं. त्यानंतर डोळ्यांतल्या पाण्यावरून न्याय करायचा नाही, असं मी ठरवलं होतं. ठरवलं होतं म्हणतो खरं, पण स्वभावाला औषध नसतं.

तर सायकल काढली आणि अल्लीपूरकडं निघालो. वाटेत कागद पुन्हा वाचला. प्रकरण अगदी सोपं होतं, म्हणून पाच वर्षं चाललं होतं.

चंद्रभान आणि रूपराव हे दोघे भाऊ. बारा वर्षांपूर्वी बाप गेल्यावर वाटणी झाली ती तोंडीच. थोरल्या चंद्रभाननं नदीकाठची सहा एकर काळी जमीन घेतली, आणि रूपरावला गाडीवाटेपलीकडची सहा एकर बरड दिली, जिथं कुदळ मारली तर ठिणगी निघावी. रूपराव गरीब माणूस. जन्मभर तो बोलला नाही आणि एका पावसाळ्यात तापानं गेला. मग त्याची बायको देवकाबाई बोलली. ती जी बोलली ती थेट कोर्टात. पाच वर्षांनी हुकूम झाला: आजवर काळी जमीन थोरल्यानं खाल्ली, आता अदलाबदल करा. नदीकाठचं वावर देवकाबाईला, बरड चंद्रभानला. दोन्ही वावरं उभ्या पिकासकट द्यायची, आणि तोवर कोणी कापायचं नाही, वेचायचं नाही. हुकूम झाला तेव्हा चंद्रभानची पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, कमरेइतकी वाढली होती.

मी पोचलो तेव्हा मोतीलाल बेलीफ आधीच आले होते. वाळकं शरीर, काळा कोट आणि सतत खोकला. हिंगणघाटहून ते बंडीत बसून आले होते आणि कोर्टाचे कागद पोटाशी धरून उभे होते. वावराकडं पाहिलं आणि मी सायकल टेकवायची विसरलो. सहा एकर नुसतं पांढरं. बोंडं फुटून कापूस बाहेर लोंबत होता. वेचायला आठ दिवस उशीर झाला होता, हे पोलिसालाही कळत होतं. उगवतीकडं थोडं आभाळ भरून येत होतं. पाऊस नको होता, नुसता वारा सुटला असता तरी निम्मा कापूस मातीत गेला असता.

धुऱ्याच्या, म्हणजे वावराच्या बांधाच्या, एका टोकाला देवकाबाई उभी होती. चाळिशीची, काळीसावळी, ताठ. तिच्यामागं कापूस वेचायला बोलावलेल्या दहा-बारा बाया बसल्या होत्या. दुसऱ्या टोकाला हातात तुतारी, म्हणजे बैल हाकायची टोकदार काठी, घेऊन चंद्रभान. गाडीवाटेच्या कडेला बाभळीखाली त्याची बायको मनकर्णाबाई बसली होती. तिच्याजवळ फडक्यानं तोंड बांधलेला एक पितळी गंज होता. नवऱ्याची शिदोरी असेल, असं मी समजलो. दोघी जावा पाच वर्षांत एकमेकींशी बोलल्या नव्हत्या.

आमच्याकडं धाकट्या भावाची बायको भासऱ्याशी, म्हणजे नवऱ्याच्या मोठ्या भावाशी, बोलत नाही. त्याच्यापुढं पदर ओढायचा आणि बोलायची वेळ आलीच तर मधल्या माणसाकरवी बोलायचं. पाच वर्षं मधले वकील होते. त्या दिवशी वकील नव्हते, म्हणून दोघांनी मला धरलं.

"जमादार, तिले सांगा, धुऱ्यावरची बोर माह्या बापानं लावली हाय."

"जमादार, त्याइले सांगा, झाड वावरासंगं येते."

"जमादार, तिले म्हणा, पाच वर्सं कोर्टाच्या पायऱ्या झिजोल्या, आता पोट भरलं काय?"

"जमादार, त्याइले म्हणा..."

"थांबा!" माझा आवाज चढला. "मी काय डाकवाला हाय? निरोप पोचोवणं माह्या हुकमात नाई. मारामारी करायची असन तर करा, मंग मी हाय. नाईतं गप राहा."

मोतीलालजी हसले आणि हसता हसता खोकल्यानं वाकले.

चंद्रभान मला 'जमादार' म्हणायचा, पण म्हणायच्या आधी क्षणभर थांबायचा. मी आंजीच्या कोतवालाचा पोरगा हे त्याला ठाऊक होतं. मागच्या वर्षीच्या दसऱ्याला आईला घेऊन मी नागपूरला गेलो होतो आणि बौद्ध होऊन आलो होतो, तेही ठाऊक होतं. माझा बाप त्याच्यासारख्यांच्या अंगणाबाहेर उभा राहून बोलायचा. आता वर्दीपुढं चंद्रभानला 'जमादार' म्हणणं भाग होतं. खोटं कशाला बोलू, मला ते ऐकायला आवडत होतं. म्हणूनच मला स्वतःची भीती वाटत होती. हा माणूस मला आवडत नव्हता, आणि न आवडणाऱ्या माणसाविरुद्ध न्याय करणं फार सोपं असतं.

मोतीलालजींनी आधी बरड दाखवली. तिथं देवकाबाईची ज्वारी उभी होती, कणसं दुधात आलेली. असल्या खडकावर तिनं ती कशी आणली तिचं तिला ठाऊक. मग नदीकाठचं वावर, चारी धुरे, चारी खुणा. हुकूम मोठ्यानं वाचून झाला. चंद्रभाननं सही केली, देवकाबाईनं अंगठा दिला. मोतीलालजींनी खिशातलं घड्याळ काढून पाहिलं आणि कागदावर लिहिलं: अकरा वाजता ताबा दिला. मारपीट नाही, शिवीगाळ नाही. मला वाटलं, सुटलो.

देवकाबाई बायांकडं वळली. "चला व बायाहो. बांधा ओट्या."

एकही बाई उठली नाही.

"चला नं. आभाळ दिसून नाई राह्यलं काय?"

त्यांच्यातली एक वयस्क बाई खाली पाहत म्हणाली, "देवके, सीतादही कुठी झाली?"

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या भागात कापसाला पहिला हात लावायच्या आधी वावरात सीतादही करतात. सात खडे मांडायचे, त्यांना कापूस वाहायचा, दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा आणि पऱ्हाटीवर दही शिंपायचं. त्यानंतर वेचणी. ती झाल्याशिवाय कोणाच्याही वावरात वेचणारी बाई पाय ठेवत नाही. त्या गावची रीत अशी की, ती घरच्याच सवाष्णीनं करायची. परक्या घरच्या बाईनं केली तर वावराची लक्ष्मी तिच्यामागं जाते म्हणतात. देवकाबाई विधवा. घरात दुसरी सवाष्ण नाही. एकुलती लेक आंजीला दिलेली. ती यायची होती, पण चार दिवसांपूर्वीच दुसऱ्यांदा बाळंत झाली होती.

आणि हे सगळं चंद्रभानला ठाऊक होतं. कोर्टानं वेचायला मना केलं होतं, पूजा करायला नव्हे. दिवाळीपासून कापूस फुटत होता, तरी त्यानं आपल्या बायकोला सीतादही करू दिली नव्हती. धुऱ्यावर उभा राहून तो आता आभाळाकडं पाहत होता. त्याला मारामारी करायचीच नव्हती. वारा सुटेपर्यंत त्याला फक्त थांबायचं होतं.

देवकाबाई माझ्याजवळ आली. आवाज खाली आणून म्हणाली, "जमादार, सांगा नं या बायाइले. तुमच्या वर्दीले भेतीन त्या."

"बाई, माह्या हुकमात ते नाई."

"मंग काय हाय तुमच्या हुकमात?" ती चिडली. "पाच वर्सं लढली मी. हा कापूस गेला तं बी नाई, बैल नाई, काई नाई. मले जावयाच्या दारात जा लागते. जावई चांगला हाय, पण त्याची माय रोज भाकर वाढतानी माह्या तोंडाकडं पाहीन. तुमी इथं काऊन आले मंग? उभं राहायले?"

मी खरंच उभं राहायला आलो होतो. माझ्या हातात काठी होती, पायात बूट होते, आणि बारा बायांना उठवायला एक हाळी पुरली असती. जिभेवर तर वेगळंच येत होतं. मागच्या वर्षी माझ्या आईनं घरातले सगळे देव टोपल्यात भरून नदीत सोडले होते, आणि आमच्या परसातली तूर त्यामुळं काही कमी पिकली नव्हती. देवकाबाई, हात घाल, बोंडाला काय कळतं विधवा न् सवाष्ण, असं ओरडावंसं वाटत होतं. पण मी तिथं माझा धर्म सांगायला आलो नव्हतो. आणि वांग्याची ती वाळलेली वाडी डोळ्यांपुढून हलत नव्हती. मी दात-ओठ खाऊन उभा राहिलो. नुसतं उभं राहणं मला जन्मात कधी इतकं जड गेलं नव्हतं.

मी चंद्रभानकडं गेलो. निरोप घेऊन नव्हे, आपला सहजच. म्हटलं, "घरी जा आता. काम झालं."

"जातो." तो हलला नाही. हात लांबवून त्यानं धुऱ्यालगतच्या झाडाचं एक बोंड नुसतं कुरवाळलं, तोडलं नाही. कोर्टाचा हुकूम तो अजून पाळत होता. "जमादार, तुमी कास्तकार नाई. तुमाले नाई समजणार. वखरलं म्या, पेरलं म्या, तीन डाव डवरलं म्या. हुकूम झाला तरी निंदण थांबोलं नाई. काऊन थांबोलं नाई, सांगा? पऱ्हाटीनं काय केलतं माहं? आता ते बाई वेचीन आन् म्या पाहू?"

त्याचा आवाज भरून आला होता, आणि तो खोटा नव्हता. मला त्या माणसाची दया आली. आणि दया आली म्हणून स्वतःचा रागही आला. बारा वर्षं त्यानं भावाचा घास खाल्ला होता, हे खरं. हे पीक त्यानं कष्टानं काढलं होतं, हेही खरं. दोन्ही खऱ्यांचा हिशेब कोर्टानं केला होता, तो मी पुन्हा करायचा नव्हता. ओमप्रकाशजी मला उगाच शिव्या देत नसत.

बारा वाजत आले. वाऱ्याची एक झुळूक आली आणि चार-पाच ठिकाणी कापूस झाडावरून सुटून खाली पडला. देवकाबाईनं तो उचलला नाही. बायांच्यापुढं ती मांडी घालून मातीत बसली आणि डोळे मिटून घेतले. रडली असती तर बरं झालं असतं.

तेव्हा बाभळीखालची मनकर्णाबाई उठली.

तिनं पितळी गंज कमरेवर घेतला आणि गाडीवाट ओलांडली. साठीला आलेली, गुडघ्यानं अधू, हळूहळू चालणारी बाई. चंद्रभान म्हणाला, "इकडं आन शिदोरी." ती त्याच्यासमोरून पुढं गेली.

"कुठी चालली? इकडं आन म्हणतो."

ती वावराच्या तोंडाशी, जिथं काट्याची फांदी आडवी लावली होती, तिथं थांबली आणि गंजावरचं फडकं सोडलं. आत भाकर नव्हती. दहीभात होता, वर हळदीकुंकवाची पुडी. रात्री विरजण लावून ती हे सकाळी घेऊन निघाली होती आणि तीन तास नवऱ्याच्या नजरेसमोर घेऊन बसली होती.

चंद्रभानला कळायला थोडा वेळ लागला. मग तो ओरडला, "जमादार! धरा तिले! दुसऱ्याच्या वावरात घुसून राह्यली!"

मला सांगायला लाज वाटत नाही, त्या क्षणी माझ्या अंगातून आनंदाची एक लाट गेली. पण चेहरा सरळ ठेवला आणि मोतीलालजींकडं वळलो.

"बेलीफसाहेब, हे वावर आता कोणाचं?"

मोतीलालजींनी चष्मा चढवला, कागद उघडला. त्यांना सगळं पाठ होतं, तरी वाचून दाखवलं. "अकरा वाजल्यापासून देवकाबाई जौजे रूपराव यांचं."

"मंग कोणी घुसलं तं तक्रार कोण करन?"

"ज्याचं वावर तो."

मी देवकाबाईला विचारलं, "बाई, तुमची तक्रार हाय काय?"

देवकाबाई उठून उभी राहिली होती. जावेकडं पाहत होती. ती चालत वावराच्या तोंडाशी गेली, काट्याची फांदी उघड्या हातानं धरली आणि बाजूला ओढून टाकली. तळहातातून रक्त आलं. "नाई जी," ती म्हणाली.

"मंग नवरा म्हून सांगतो मी!" चंद्रभान माझ्या अंगावर आला. "माही बायको हाय. आणा तिले परत."

"चंद्रभानजी, कोणाची बायको परत आणणं माह्या हुकमात नाई. मारपीट झाली तं मी हाय. करता काय?"

त्यानं हातातल्या तुतारीकडं पाहिलं. ती उगारलेली होती, हे त्याच्याही लक्षात आलं नसावं. त्यानं ती खाली टेकवली. सकाळपासून त्याच्याजवळ जे एकच खरं होतं, तेच मग त्यानं पुन्हा काढलं. बायकोच्या पाठीवर तो ओरडला, "पेरलं म्या! हे वावर म्या पेरलं हाय!"

मनकर्णाबाई वळली. नवऱ्याशी चारचौघांत ती कधी वर मान करून बोलली नसेल. तेव्हाही पदर डोक्यावर होता आणि आवाज चढला नव्हता.

"पेरलं म्या," ती म्हणाली. "तुमी बैल हाकलले. सरत्यावर हात माहा होता. मुठी-मुठीनं सरकी माह्या हातातून गेली, हे सारं वावर पायाखाली घालून. म्या पेरलं त्याले दही म्याच घालीन. मंग कापूस कोणाच्याई घरी जाओ."

मी खेड्यात जन्मलो. तिफणीमागं चालत सरत्यातून सरकी सोडणारी बाईच असते, हे मी लहानपणापासून पाहत आलो. माझी आई दुसऱ्यांच्या वावरात तेच करायची. तरी सकाळपासून 'पेरलं म्या' ऐकताना मला ते एकदाही आठवलं नव्हतं. चंद्रभानलाही आठवलं नव्हतं. तो बायकोकडं बघत राहिला, आणि नंतर त्यानं मान खाली घातली.

मनकर्णाबाईनं सात खडे वेचून मांडले. हळदीकुंकू वाहिलं, कापूस वाहिला, दहीभात ठेवला. उरलेलं दही बोटांनी पऱ्हाटीवर शिंपडत ती पाच-सात झाडं फिरली. देवकाबाई दूर उभी होती, विधवेनं उभं राहावं तितकी दूर. पूजा झाल्यावर मनकर्णाबाईनं पहिलं बोंड वेचलं आणि हाक मारली.

"देवके, ये. ओटी बांध."

देवकाबाई आली. रक्ताळलेल्या हातानं तिनं लुगड्याची ओटी बांधली. मनकर्णाबाईनं तो पहिला कापूस तिच्या ओटीत टाकला, आणि मग देवकाबाई रडली, मोठ्यानं, लहान पोरीसारखी. जावेनं तिला धरलं नाही की समजावलं नाही, नुसती बाजूला उभी राहिली. मी बुटाची नाडी बांधायला वाकलो. वर्दीतल्या माणसानं डोळे पुसायचे कसे, हे कोणत्याच हुकमात लिहिलेलं नसतं.

बाया उठल्या. आभाळाकडं बघत घाईघाईनं त्या गाडीवाटेच्या बाजूनंच सुरू झाल्या, कारण ती जवळ होती.

चंद्रभान माझ्याजवळ आला. "लिवून घ्या, जमादार. माही हरकत."

हरकत लिहून घेणं माझ्या कामात होतं. मी डायरी काढली, लिहिलं आणि वाचून दाखवलं: "चंद्रभान यांची हरकत अशी की, त्यांच्या पत्नीने देवकाबाईंच्या शेतात देवकाबाईंच्या संमतीने जाऊन दहीभात शिंपडला. मारपीट नाही. नुकसान नाही." आणि पेन्सिल पुढं केली. "सही करा."

त्यानं पेन्सिल घेतली, कागद डोळ्यांजवळ नेला. बराच वेळ वाचत होता. मग पेन्सिल परत दिली. "राहू द्या."

मोतीलालजी बंडीत बसून निघून गेले. माझंही काम संपलं होतं. पण चंद्रभान जाईना, म्हणून मलाही जाता येईना. धुऱ्यावर आम्ही दोघं शेजारी उभे. मनकर्णाबाई पुन्हा बाभळीखाली जाऊन बसली होती. उरलेला दहीभात तिनं दोन पळसाच्या पानांवर काढला, एक पान नवऱ्यासाठी झाकून ठेवलं आणि दुसरं मला आणून दिलं. खाली ठेवलं नाही, वरून टाकलं नाही, हातात दिलं. चंद्रभाननं ते पाहिलं. मी उभ्यानंच खाल्लं. दही गोड होतं.

चंद्रभानचं लक्ष वेचणाऱ्या बायांकडं होतं. तो चुळबुळ करत होता. एकदा पुढं झाला, थांबला, मागं आला. "चुकून राह्यल्या," असं स्वतःशीच पुटपुटला. आता पुन्हा काही तरी काढणार, असं मला वाटलं आणि मी काठी सावरली.

"जमादार."

"बोला."

"तिले सांगा." तो माझ्याकडं बघत नव्हता. "इकडून काऊन वेचून राह्यल्या? नदीकडच्या दहा-बारा ओळींचं बोंड आधी फुटते. वारा आला तं पह्यलं तिकडचंच गळते. आधी नदीकडच्या ओळी घेजो म्हणा. इकडचं उद्या वेचलं तरी चालते."

निरोप पोचवणं माझ्या हुकमात नव्हतं. सकाळीच मी तसं ठणकावून सांगितलं होतं. मी धुऱ्यावरून उतरलो, वावरात शिरलो आणि देवकाबाईला शब्दन् शब्द सांगितला.

तिनं ऐकलं. धुऱ्याकडं बघून पदर पुढं ओढला, बायांना हाक मारून नदीकडं पाठवलं. मग पाऊल टाकता टाकता थांबली.

"जमादार, त्याइले सांगा," ती म्हणाली. "बरडाच्या उगवतीच्या कोपऱ्यात पाखरं लय पडते. जवारी राखायची तं मचाण तिकडं बांधा म्हणा. मधात बांधून फायदा नाई, म्या दोन साल बांधून पाह्यलं."

मी परत धुऱ्यावर चढलो आणि तेही पोचवलं. चंद्रभान ऐकून "हं" म्हणाला. बाभळीखाली जाऊन त्यानं बायकोसमोर बसून पानावरचा दहीभात संपवला, हात पुसले, तुतारी उचलली आणि आपल्या नव्या वावरात उगवतीच्या कोपऱ्याकडं गेला.